विहिरीकाठचा वाचक

मराठी वाचकाला कादंबरीतली पुराणकथा बहुधा तिच्या मूळ वेषात भेटते. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली. दोन्ही वाचताना आपणच मागे जातो, हस्तिनापुरात वावरतो, आणि लेखक आपल्या काळाचे प्रश्न तिथल्या माणसांच्या तोंडी घालतो. याच्या उलट दिशेने जाणाऱ्या कादंबऱ्याही आहेत. त्यांत माणसे आजची, शहर आजचे, आणि कथानक पुढे सरकता सरकता एखाद्या जुन्या कथेची चाल त्यात ऐकू येऊ लागते. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'मध्ये (१९२२) डब्लिन शहरात दिवसभर हिंडणाऱ्या लिओपोल्ड ब्लूमला आपण ओडिसियसच्या वाटेने चाललो आहोत याचा पत्ताही नसतो. तो फक्त लेखकाला आणि वाचकाला असतो. ओरहान पामुक यांची २०१६ सालची एक छोटी कादंबरी या दोन्ही प्रकारांत बसत नाही. तिच्या तुर्की नावाचा सरळ अर्थ 'लाल केसांची बाई' असा आहे. एकिन ओक्लाप यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली निघाला. तिचा नायक जेम हा इस्तंबूलचा, आपल्याच काळातला माणूस. पण त्याने ईडिपसची गोष्ट वाचलेली आहे, सोहराब-रुस्तुमची गोष्टही पुढे त्याला कळते, आणि आपले आयुष्य या दोन गोष्टींच्या मधून चालले आहे ही जाणीव त्याला कधी सोडत नाही. पुराणकथेतल्या पात्राला स्वतःची कथा आधीच ठाऊक असेल तर ते तिच्यातून सुटेल का? पामुक यांचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्यामागचे कारण मला फार मोलाचे वाटते. जेमला गोष्ट ओळखू येते, आणि गोष्ट ओळखली म्हणजे माणूस ओळखला असे तो समजून चालतो. समोर उभा असलेला माणूस त्याला शेवटपर्यंत ओळखू येत नाही.

कादंबरीचा पहिला भाग १९८०च्या दशकाच्या मध्यावर घडतो. जेमचे वडील औषधविक्रेते, डाव्या राजकारणातले. १२ सप्टेंबर १९८०च्या लष्करी उठावानंतरच्या तुर्कस्तानात अशा माणसांच्या घरांवर जी सावली पडली होती, तिच्यातच हे घर आहे. एक दिवस वडील निघून जातात आणि परत येत नाहीत. शिकवणीच्या फीपुरते पैसे मिळवायचे म्हणून सोळा-सतरा वर्षांचा जेम महमूत उस्ता नावाच्या विहिरी खणणाऱ्या कारागिराच्या हाताखाली लागतो, आणि दोघे इस्तंबूलबाहेरच्या ओंगोरेन या गावाजवळ एका माळावर खणायला लागतात. ही पाने या पुस्तकातली सर्वांत सकस पाने आहेत. कुदळ-फावड्याने हातखणाई, वर रहाटाला दोर, दोराला बादली, खाली उतरलेला उस्ता, वर रहाट फिरवणारा पोऱ्या. विहीर जितकी खोल जाते तितका खालचा माणूस वरच्याच्या हाती जातो. जो हुकूम करतो त्याचाच जीव हुकूम ऐकणाऱ्याच्या मनगटावर लोंबकळत असतो. बाप आणि मुलगा यांच्यातल्या सत्तेची याहून नेमकी रचना मला दुसरीकडे वाचल्याचे आठवत नाही, आणि पामुक यांनी ती कोणत्याही पुराणातून न उचलता एका मरत चाललेल्या व्यवसायाच्या तपशिलातून उभी केली आहे. उस्ता रागावतो, शिकवतो, रात्री गोष्टी सांगतो, काळजी घेतो. खऱ्या बापाने जे दिले नाही ते देतो आणि त्याचबरोबर खऱ्या बापाने कधी लादला नव्हता असा धाकही लादतो. गावात एका फिरत्या नाटक मंडळीचा तंबू पडलेला असतो. त्यात काम करणाऱ्या लाल केसांच्या गुलजिहानच्या मागे जेम वेडावतो, एक रात्र तिच्याजवळ घालवतो. त्यानंतर थकलेल्या अवस्थेत काम करताना भरलेली बादली निसटून विहिरीत कोसळते. खालून किंचाळी येते, मग काही नाही. जेम मदत शोधायला गावात धावतो, ती मिळत नाही, आणि शेवटी तो कुणालाही काही न सांगता इस्तंबूलची गाडी पकडतो.

आता त्या दोन जुन्या गोष्टी. सोफोक्लीजच्या नाटकातला ईडिपस हा थीब्जच्या राजाचा, लेअसचा, मुलगा. मुलगा बापाला मारील या भाकिताच्या भीतीने घोटे टोचून डोंगरावर टाकायला दिलेला, पण मेंढपाळाच्या दयेने वाचून कॉरिंथमध्ये वाढलेला. डेल्फीला तेच भाकीत त्यालाही ऐकू येते. ज्यांना तो आईबाप समजतो त्यांच्यापासून दूर पळताना तीन रस्त्यांच्या तिठ्यावर एका अनोळखी म्हाताऱ्याला, म्हणजे लेअसलाच, तो मारतो, आणि पुढे अनोळखी राणीशी, म्हणजे स्वतःच्याच आईशी, जोकास्टाशी, लग्न करतो. फिर्दौसीच्या 'शाहनाम्या'त, जो १०१० साली पुरा झाला, रुस्तुम आपला घोडा रख्श शोधत समंगानला जातो, तिथल्या राजकन्येबरोबर, तहमीनाबरोबर, एक रात्र राहतो आणि होणाऱ्या मुलाच्या दंडात बांधायला खूण देऊन निघून जातो. सोहराब मोठा होऊन बापाच्या शोधात तुराणच्या फौजेसह येतो. बाप-लेकांनी एकमेकांना ओळखू नये अशी तजवीज तुराणच्या राजाने, अफ्रासियाबने, केलेली असते. पण रुस्तुमही मुलाने थेट विचारल्यावर स्वतःचे नाव लपवतो. पहिल्या कुस्तीत सोहराब त्याला लोळवतो, तेव्हा कपटाने जीव वाचवून दुसऱ्या खेपेला तो मुलाच्या छातीत खंजीर खुपसतो. मग दंडावरची खूण दिसते. जखम भरून काढणारे औषध कैकाऊस राजाकडे असते, तो ते वेळेवर देत नाही. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मुंबईत सोहराब आणि रुस्तुम ही नावे पारशी घराघरांतली, आणि 'रणांगण' लिहिणाऱ्या विश्राम बेडेकरांनीच १९६३ साली पृथ्वीराज कपूर आणि सुरैया यांना घेऊन 'रुस्तम सोहराब' हा चित्रपट दिग्दर्शित केला होता. दोन्ही कथांचा कणा एकच आहे: ओळख पटायला उशीर होणे. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात या ओळख पटण्याच्या क्षणाला शोकांतिकेच्या रचनेत मानाचे स्थान दिले, आणि ईडिपसच्या नाटकातला तो क्षण त्याला उत्तम वाटला तो तिथे ओळख पटणे आणि दैव फिरणे ही दोन्ही एकदमच घडतात म्हणून. कालिदासाने हीच सामग्री घेऊन उलट शेवट केला. मारीच ऋषींच्या आश्रमात दुष्यंत सिंहाच्या छाव्याशी खेळणारा अनोळखी मुलगा पाहतो, त्याच्या मनगटावरून गळलेला रक्षेचा ताईत सहज उचलतो, आणि तापसी चकित होतात, कारण आईबापांवाचून दुसऱ्या कुणी उचलला तर तो ताईत साप होऊन डसायचा. दंडावरची खूण, मनगटावरचा ताईत. एका कथेत ती वेळेवर दिसते, दुसरीत घटकाभर उशिरा.

जेमची शोकांतिका या दोन्हींहून वेगळ्या जातीची आहे, आणि हे वेगळेपण नीट पाहायला हवे. ईडिपसने बापाला मारले आहे, पण ते त्याला माहीत नाही. जेमला आपण पितृतुल्य माणसाला मारले हे पक्के माहीत आहे, पण त्याने मारलेलेच नाही. पुढे अनेक वर्षांनी कळते की महमूत उस्ता त्या दिवशी जखमी होऊन वाचला होता, आणि पाणीही त्याला लागले होते. म्हणजे ईडिपसच्या बाबतीत घटना खरी आणि ज्ञान खोटे. जेमच्या बाबतीत ज्ञान पक्के आणि घटना झालेलीच नाही. हे पक्के ज्ञान त्याला आले कुठून? विहिरीत वाकून नीट पाहिल्याने नव्हे, दोन माणसे गोळा करून दोर सोडल्याने नव्हे. ते गोष्टीतून आले. पुस्तकांच्या दुकानात काम करताना जेमने ईडिपसच्या नाटकाचा सारांश वाचला होता. मूळ नाटक वाचले नव्हते. तो सारांश त्याने माळावरच्या रात्री उस्तालाही सांगितला होता. ग्रीक कथेत भाकीत डेल्फीच्या मंदिरातून येते. या कादंबरीत ते काम एका पुस्तकातल्या सारांशाने केले आहे. गोष्ट मनात बसली, पुढे अपघात झाला, आणि अपघाताला लगेच गोष्टीचे नाव मिळाले. एरवी सोळा वर्षांच्या मुलाच्या हातून बादली निसटणे हा थकव्याचा परिणाम, आणि पळून जाणे हा भ्याडपणा ठरला असता. भ्याडपणाची भरपाई करता येते. परत जाता येते, पोलिसांकडे, डॉक्टरकडे, निदान उस्ताच्या घरी. पितृहत्येला अशी भरपाई नसते. गोष्टीने जेमचा अपराध इतका मोठा करून ठेवला की तो तपासून पाहणेच त्याला अशक्य झाले. त्याच्या अपराधाची ही भव्यता त्याला एका अर्थी सोयीची होती, असे मला वाटते. ज्याने नियतीचा खेळ पाहिला त्याला विहिरीत डोकावून पाहावे लागत नाही.

दुसऱ्या भागात जेम भूगर्भशास्त्राचा अभियंता होतो, मग बांधकाम व्यावसायिक, चांगलाच श्रीमंत. त्याला आणि त्याच्या बायकोला, आयशेला, मूल होत नाही. मुलाच्या जागी ते कंपनी वाढवतात आणि तिला सोहराब हे नाव देतात. दोघेही गोष्टींच्या मागे लागतात: हस्तलिखिते, संग्रहालये, तेहरानची वारी, तोपकापी राजवाड्यातली चित्रे. या पानांवर टीका झाली की ती निबंधासारखी होतात, आणि कथा तिथे थांबते हे खरेच आहे. पण त्यांत एक निरीक्षण दडलेले आहे जे सोडून देता येत नाही. इराणी लघुचित्रकारांनी मुलाच्या प्रेताशेजारी ऊर बडवणारा रुस्तुम पिढ्यान्‌पिढ्या रंगवला. पश्चिमेच्या नामवंत चित्रकारांनी ईडिपस रंगवला तो प्रामुख्याने स्फिंक्सच्या कोड्यापुढे उभा असलेला, अँग्रने १८०८ साली, मोरोने १८६४ साली. एका परंपरेने रडणारा बाप लक्षात ठेवला, दुसरीने उत्तर देणारा हुशार मुलगा. आणि इस्तंबूलच्या माणसाला दोन्ही दूरच्या झालेल्या. इराणच्या शाह तहमास्पने तयार करून घेतलेली 'शाहनाम्या'ची भव्य सचित्र प्रत १५६८ साली ऑटोमन सुलतान दुसरा सेलीम याला भेट म्हणून आली होती. एके काळी हे काव्य उस्मानी दरबाराच्या ओळखीचे होते. १९२८ साली तुर्कीची लिपी बदलली, शाळेतली पुस्तके बदलली, आणि पुढच्या पिढ्यांना फिर्दौसी परका झाला. जेमने तंबूत पाहिलेले नाटक सोहराब-रुस्तुमचेच होते हेही त्याला पुढे केव्हातरी कळते. ज्या समाजात गोष्टी आजीकडून न येता संग्रहालयाच्या काचेतून येतात, तिथला माणूस त्यांच्याकडे पुराव्यासारखा पाहतो, छंदासारखा त्यांचा संग्रह करतो. जेम तेच करतो. आणि त्याच काळात, त्याला ठाऊक नसलेला त्याचा मुलगा ओंगोरेनमध्ये मोठा होत असतो.

त्या एका रात्रीतून गुलजिहानला मुलगा झालेला आहे, एन्व्हर त्याचे नाव. तो पितृत्वाचा दावा लावतो, आणि दंडावरच्या खुणेची जागा इथे प्रयोगशाळेतल्या डीएनए चाचणीने घेतली आहे. शाहनाम्यात ज्या खुणेने ओळख पटते ती आईने हाताने बांधलेली असते. इथे ती एका कागदावर येते, वकिलामार्फत. चाचणी कोण कुणाचा हे सांगते, पण तो कसा दिसतो, काय म्हणतो, त्याला काय हवे आहे, यातले काहीच सांगत नाही. म्हणून पुढचा प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतो. जेम कंपनीच्या कामाच्या निमित्ताने ओंगोरेनला जातो आणि जुनी विहीर बघायची म्हणून रात्री एका तरुणाबरोबर निघतो. तरुण आपले नाव सेरहात सांगतो. वाटेत दोघे बराच वेळ बोलतात. बापाविषयी, आज्ञाधारकपणाविषयी, माणसाला स्वतःचा मार्ग असावा की नाही याविषयी. जेमने आयुष्यभर ज्या कथांचा अभ्यास केला त्यांत नाव लपवणारा सोबती म्हणजे काय हे पहिल्या पानावर लिहिलेले आहे, आणि तरी हा माणूस आपला मुलगा असू शकेल हे त्याला फार उशिरा कळते. रुस्तुमने नाव लपवले होते. इथे ते मुलाने लपवले आहे. लेअसने मुलाला भेटण्याआधीच त्याच्या मरणाची व्यवस्था केली होती. जेमही पहिल्या भेटीला जाताना कमरेला पिस्तूल लावून गेला आहे. विहिरीच्या काठावर झटापट होते, त्याच पिस्तुलाची गोळी जेमच्या डोळ्यात लागते. गोष्टींचा एवढा जाणकार, आणि त्याने तयारी केली ती हत्याराची. मुलाला काय विचारायचे, याची काहीच तयारी त्याच्याजवळ नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा, आणि तो वजनदार आहे, की पामुक यांनी पूर्व आणि पश्चिम अशी फारच सरळ वाटणी केली आहे. पश्चिमेत मुलगा बापाला मारतो, म्हणून तिथे व्यक्ती मोकळी झाली. पूर्वेत बाप मुलाला मारतो आणि लोक बापाबरोबर रडतात, म्हणून इथे हुकूमशाही टिकते. हे सूत्र कादंबरीत खरोखरच वारंवार येते, आणि सूत्र म्हणून ते टिकत नाही. ईडिपसच्या कथेत पहिला वार बापाचा आहे. घोटे टोचून अर्भकाला डोंगरावर टाकणे हा खुनाचा प्रयत्नच होता. ग्रीकांच्याच कथांत क्रोनस आपली मुले गिळतो, आगामेम्नॉन मुलीचा बळी देतो. बाप मुलाला द्वंद्वात गाठतो ही कथा जर्मन भाषेतल्या हिल्डेब्रांटच्या जुन्या काव्यखंडात आहे, आणि आयर्लंडमध्ये कूखुलिन आपल्या मुलाला ठार करतो. उलट उस्मानी इतिहासात दोन्ही वाटा चाललेल्या आहेत: पहिल्या सेलीमने १५१२ साली बापाला गादीवरून उतरवले, आणि त्याच्याच मुलाने, सुलेमानने, १५५३ साली स्वतःचा मुलगा मुस्तफा याचा गळा आवळवला. आपल्याकडचा पुरावाही मिश्र आहे. ए. के. रामानुजन यांनी 'द इंडियन ईडिपस' या निबंधात दाखवले की भारतीय कथांत बहुतेकदा बापच मुलाचे काहीतरी घेतो, आणि पुरूचे तारुण्य घेणारा ययाति हे त्याचे ठळक उदाहरण. पण अश्वमेधाच्या घोड्यामागून मणिपुरात गेलेल्या अर्जुनाला पाडतो तो त्याचा मुलगा बभ्रुवाहन, आणि उलूपीच्या मण्याने अर्जुन पुन्हा उठतो. म्हणजे वाटणी खोटी आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण ही वाटणी करतो कोण? ती जेम करतो. आणि कादंबरी त्याला त्या वाटणीत राहू देत नाही. जो जन्मभर स्वतःला बापाला मारणारा मुलगा समजत आला, तो शेवटी मुलापुढे हत्यार घेऊन उभा राहिलेला बाप निघतो. जी बाई त्याच्या पहिल्या प्रेमाची, ती त्याच्या बापाचीही एके काळची प्रेयसी निघते. ईडिपसच्या शय्येची छाया तिथे आहे, पण विटाळ नाही, रक्ताचे नाते नाही. एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही गोष्टींतल्या सगळ्या भूमिका आल्यावर पूर्व-पश्चिमेची रेघ कुठे मारायची? ज्या देशाच्या संस्थापकाला १९३४ साली तुर्कांचा पिता असे आडनाव मिळाले, त्या देशात बापाचा प्रश्न राजकीय असणारच, आणि एका लष्करी उठावाच्या छायेत बाप हरवलेल्या मुलाला एखादे मोठे सूत्र हवेसे वाटणेही साहजिक आहे. सूत्र चुकीचे आहे, पण त्याची भूक खरी आहे. जेमने मूळ नाटक आधी आणि सारांश नंतर वाचला असता तर त्याला लेअसचा गुन्हा दिसला असता, असे मनात येते. पुराणकथेच्या सारांशात नेहमी शेवटचा वार उरतो, पहिला गळून जातो.

दुसरा आक्षेप योगायोगांचा. एका रात्रीच्या संगातून मूल, तीच बाई बापाची प्रेयसी, तोच मुलगा वाटाड्या, तीच विहीर. आधुनिक कादंबरीने एवढे योगायोग पेलावेत का? ॲरिस्टॉटलने याबाबत एक व्यवहारी सवलत दिली होती: असंभाव्य गोष्ट ठेवायचीच तर नाटकाच्या बाहेर ठेवावी, आणि त्याचे उदाहरण ईडिपसचेच, की इतकी वर्षे राज्य करूनही लेअस कसा मेला याची त्याने चौकशी केलेली नसते. पामुक यांनी ही सवलत घेतलेली नाही. त्यांचे योगायोग आत आहेत, भर कथेत. पहिल्या दोन भागांपुरता हा दोषच वाटतो, आणि मधला भाग जिथे ताणला जातो तिथे वाचकाचा विश्वासही ताणला जातो. पण तिसऱ्या भागात गुलजिहान बोलू लागते, आणि आधीच्या सगळ्या मजकुराची जागाच बदलते.

जोकास्टा गळफास घेते. तहमीना शोक करते आणि तिथेच तिची कथा मिटते. गुलजिहान जिवंत राहते. तिने एका पिढीतल्या माणसावर प्रेम केले, दुसऱ्या पिढीतल्या मुलाला एक रात्र दिली, तिसऱ्या पिढीतल्या मुलाला वाढवले. तिच्या तोंडून तीन पुरुषांची कथा प्रथमच सलग ऐकू येते. तंबूत ती जुन्या कथांतल्या रडणाऱ्या आयांची भाषणे करायची आणि प्रेक्षक, त्यांत सैनिकही, तिच्याबरोबर रडायचे. इथे माझी तक्रार आहे, आणि ती साधी नाही. हा भाग फार लहान आहे. जिच्या नावाची कादंबरी, तिला शेवटची थोडी पाने मिळावीत आणि तीही पुरुषांच्या कथेचा उलगडा करण्यासाठी, हे खटकते. महमूत उस्ताच्या फावड्याला जेवढा वेळ मिळाला तेवढा तिच्या डाव्या राजकारणातून रंगमंचाकडे झालेल्या प्रवासाला मिळायला हवा होता. आयशेची तर याहून उपेक्षा झाली आहे. तिने नवऱ्याबरोबर तीच चित्रे पाहिली, तीच पुस्तके वाचली. तिने त्यांतून काय ओळखले हे कादंबरी विचारतसुद्धा नाही.

तरीही त्या थोड्या पानांत गुलजिहान एक गोष्ट करते, आणि तिने सारे पुस्तक हलते. बापाच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्या एन्व्हरला ती भेटते आणि त्याला हे सगळे लिहून काढायला सांगते. ते प्रांजळ असावे आणि पुराणासारखेही असावे, खरे वाटावे आणि ओळखीचेही वाटावे, म्हणजे न्यायाधीशालाच काय, सगळ्यांना त्याचे म्हणणे कळेल, असा तिच्या सल्ल्याचा आशय आहे. आणि तुझ्या वडिलांना नेहमी लेखक व्हायचे होते, याची ती आठवण देते. तेव्हा लक्षात येते की पहिल्या पानापासून जो 'मी' बोलत आला तो जेम तर विहिरीकाठी मेला. मेलेल्या बापाच्या तोंडी ही कथा घातली आहे ती आरोपी मुलाने. योगायोग, डोळ्यात शिरलेली गोळी, सोहराब आणि ईडिपस यांची पानोपानी होणारी आठवण, हे सारे त्या मुलाने मांडले आहे, आणि त्याला ते तसे मांडण्याची गरज होती. त्याच्या आईला रंगमंचावरून ठाऊक आहे की ओळखीच्या कथेपुढे कठोर माणसेही मवाळ होतात. बापाला मारलेला मुलगा हा आरोपी असतो, पण ईडिपससाठी लोक अडीच हजार वर्षे रडत आले आहेत. मला यात एन्व्हरला लबाड ठरवायचे नाही. त्याने बापाला आवाज देताना त्याच्या लहानपणाची, त्याच्या भीतीची, उस्तावरच्या त्याच्या मायेची जी कल्पना केली आहे ती प्रेमाशिवाय शक्य नव्हती. जेमने मुलाविषयी कधी एवढी कल्पना केली नाही. पण प्रेम आणि बचाव एकाच हाताने लिहिलेले आहेत, आणि ते वेगळे करण्याचा कोणताही मार्ग पुस्तकाने ठेवलेला नाही.

इथे शेवटचा आक्षेप येतो: सगळे निवेदनच संशयास्पद ठरवले, तर लेखक प्रत्येक उणिवेतून मोकळा होतो, सूत्र ढोबळ असेल तर ते एन्व्हरचे, योगायोग असतील तर तेही एन्व्हरचे. ही पळवाट मला मान्य नाही. लांबलेले पान लांबलेलेच राहते, ते कुणीही लिहिलेले असो, आणि गुलजिहानच्या भागाची कमतरता तर या युक्तीने जराही भरून निघत नाही. पण योगायोगांच्या बाबतीत ही पळवाट नाही, कारण वाचकाने जे केले त्याचा हिशेब पामुक इथे मागतात. तंबूतले नाटक, विहिरीतली किंचाळी, कंपनीचे नाव, वाटाड्याचे लपवलेले नाव, प्रत्येक ठिकाणी आपल्याला ओळखीचा आनंद झाला होता: हा लेअस, ही तहमीना, ही दंडावरची खूण. त्या आनंदात आपण एका मृत्यूची चौकशी करायचे विसरलो. जेमने विहिरीत डोकावले नाही, आणि आपणही तसेच पुढे गेलो. पिस्तूल कुणी बाहेर काढले, कुणाचा हात त्यावर होता, ते कोणत्या क्षणी उडाले, हे सांगू शकणारा एकच माणूस जिवंत आहे, आणि आपण वाचले ते पुस्तक त्याचेच आहे.